आक्कांचं दही आणि डॉक्टरांची कॅप्सूल

दह्यावर आमच्या शेजारच्या आक्कांएवढा विश्वास असलेलं माणूस अख्ख्या बेळगावात दुसरं नसेल. वडगावच्या आमच्या गल्लीत घरोघरी माग चालतात, आणि साठीच्या आक्का घरोघरी दह्याची वाटी पोचवत. डोकं दुखलं, दही. मागावर बसून पाठ धरली, दही. एकदा त्यांची स्कूटर बिघडली, तर दुरुस्त करायला आलेल्यालाही त्यांनी आधी दहीभात वाढला. "पोट थंड, तर डोकं चालतंय," म्हणाल्या.

माझं दुखणं मात्र मी त्यांच्यापासूनही लपवलं होतं. वर्षात चौथ्यांदा अंगावरून पांढरं जात होतं. वास यायचा, आग व्हायची. दर वेळी जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणायच्या, दुकानदाराला "मैत्रिणीला पाहिजेत" सांगायचं आणि तीन दिवसांत बरं वाटलं की सोडून द्यायच्या. नवऱ्याला जवळ येऊ देत नव्हते, कारणही सांगत नव्हते. तो आता कामापुरतंच बोलायचा.

त्या दिवशी मेडिकलमध्ये नेमक्या आक्का मागे उभ्या.

"कुठली गं मैतरीण?" त्यांनी विचारलं. माझे डोळे भरले, तसं त्यांनी हाताला धरून मला बाहेर आणलं. सगळं ऐकून घेतलं आणि स्कूटरला किक मारली. "बस मागं. दही नंतर बघू."

शहापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, नमुना घेतला. रिपोर्ट आल्यावर म्हणाल्या, "आतल्या चांगल्या जंतूंचं प्रमाण बिघडलंय. गोळ्या सातही दिवस घ्यायच्या, मध्येच सोडायच्या नाहीत. सोबत या प्रोबायोटिक कॅप्सूल. त्यात चांगले जंतू असतात. काहींचा त्रास परत यायचा कमी होतो, काहींचा नाही."

आक्का खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "म्हंजे दहीच की वो हे!"

"नाही आक्का. यातले जंतू वेगळे. दही जेवणात खाऊ दे, पण आत लावायचं नाही. आणि कॅप्सूल गोळ्यांच्या जोडीला आहे, बदली नाही."

आक्का हिरमुसल्या. तरी जिना उतरताना म्हणाल्याच, "दह्याची पावणी तरी असंल गं ती कॅप्सूल."

खाली आल्यावर मात्र स्कूटर सुरू न करताच त्या सांगू लागल्या. "मला पण हेच हुतं. बारा वर्षं. कुणाला सांगितलं न्हाय. मालकास्नी वाटायचं, हिला मी आवडत न्हाय. ते गेले, तरी त्यास्नी खरं कळलंच न्हाय." पदरानं तोंड पुसून त्यांनी किक मारली.

मी घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं, तुला माहेरी जायचंय कायमचं."

सातही दिवसांच्या गोळ्या घेतल्या, कॅप्सूलही घेतल्या. आठ महिने त्रास झाला नाही. तो कॅप्सूलचा गुण की नेमानं घेतलेल्या गोळ्यांचा, ते डॉक्टरीणबाईही खात्रीनं सांगत नाहीत.

मधल्या काळात आक्का निपाणीला लेकीकडे राहायला गेल्या. या उन्हाळ्यात दुखणं पुन्हा डोकावलं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी मी एकटी दवाखान्यात गेले. माझा नंबर आठवा होता. शेजारच्या खुर्चीवर, आक्का बसल्या असत्या तिथं, मी पिशवी ठेवली होती. एका बाईनं विचारलं, "कुणी येणार हाय व्हय इथं?"

"न्हाय," मी म्हणाले, आणि पिशवी मांडीवर घेतली.