बोर्डवरून उठायची परवानगी

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी लखनऊच्या एका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. लग्न होऊन नागपूरहून आलेली. मिस्टर सरकारी ऑफिसात क्लार्क, राहायला अलीगंज, एक मुलगी. आमचं काम बसून करायचं. समोर बोर्ड, कानाला हेडफोन. कुणाला कानपूर जोडून द्या, कुणाला गोरखपूर. बोर्ड सोडून उठता येत नसे. उठायचं तर हात वर करायचा, सुपरवायझर मॅडम आपल्या खुर्चीवर दुसरीला बसवणार, मग उठायचं. याला रिलीफ म्हणायचे. बाथरूम खाली, जिना उतरून व्हरांड्याच्या टोकाला.

जानेवारीतला तो दिवस आठवला की आजही माझं कपाळ तापतं. सकाळपासून मी तिसऱ्यांदा हात वर केला होता.

"फिर?" मॅडम म्हणाल्या. "अभी तो गई थीं."

"मॅडम, पेट ठीक नहीं है."

"आपका पेट कब ठीक रहता है? आप लोग घर में पता नहीं क्या-क्या खाते हैं."

आमचं आडनाव ऐकलं त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी हे 'आप लोग' होतं. त्यातला जातीचा अर्थ मला कळत होता, आणि मला तो कळतो हे त्यांनाही ठाऊक होतं. हॉलमध्ये माझ्यासकट चौदा जणी होत्या. एकीनेही मान वळवली नाही. मी हात खाली घेतला. तो का घेतला, याचा राग मला मॅडमवरच्या रागापेक्षा जास्त आहे. दहा मिनिटांनी पुन्हा वर केला तेव्हा त्याचा काही उपयोग उरला नव्हता. खुर्चीवरच झालं. साडीला रक्त होतं.

शेजारच्या बोर्डवर एक मुसलमान बाई बसायची, जुन्या शहरातल्या चौक मोहल्ल्यात राहणारी, माझ्याहून वयाने मोठी. तिला आम्ही बाजी, म्हणजे ताई, म्हणत असू. तिने माझ्याकडे पाहिलं, स्वतःचा हेडफोन काढून ठेवला, अंगावरची शाल माझ्या कमरेला गुंडाळली आणि मला धरून जिना उतरली. मागून मॅडम ओरडत होत्या, "बोर्ड कौन देखेगा?" बाजीने मागे वळूनही पाहिलं नाही.

हे त्या दिवशीच सुरू झालेलं नव्हतं. वर्ष होत आलं होतं. कॉलनीतल्या डॉक्टरकडे मी किती खेपा घातल्या असतील! ते नाडी धरायचे, जीभ बघायचे आणि म्हणायचे, "आंव है." आंव म्हणजे आपली आव. त्या शहरात पोटाच्या सगळ्या तक्रारींना हे एक नाव पुरायचं. आंवेच्या गोळ्या व्हायच्या, चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. रक्त जातं म्हटलं तर, "मिर्च कम खाइए." आमच्या घरात महिनोन् महिने मिरची नव्हती. मी नुसती लौकी, म्हणजे दुधी, आणि खिचडी खात होते. वजन उतरलं, ब्लाउज सगळे सैल झाले. शेजारच्या बायका म्हणायच्या, किती छान बारीक झालीस!

मिस्टरांनी नातेवाइकांना सांगून टाकलं होतं, हिला ॲसिडिटी आहे. मी विचारलं, "अहो, खोटं का सांगता?"

"मग काय सांगू? चार माणसांत ते बोलायचं असतं का?"

"मला ते होतं चार माणसांत."

त्यांनी पेपर उघडून तोंडापुढे धरला. माणूस वाईट नव्हता. पण असं तोंड लपवायला त्यांना बरं जमायचं.

शेवटी बाजीच मला एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी आधी नुसते प्रश्न विचारले. दिवसातून किती वेळा? रक्त वरून दिसतं की मिसळलेलं? जायची घाई होते आणि जाऊन काहीच होत नाही, असं होतं का? झोपेतून उठावं लागतं का? गुडघे दुखतात? तोंड येतं? मी प्रत्येकाला हो म्हणत गेले आणि मला रडू फुटलं. दुःखाचं नव्हतं ते. वर्षभरात हे प्रश्न मला कुणीच विचारले नव्हते, आणि विचारायला पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

मग तपासणी झाली. धातूची सरळ नळी, कुशीवर झोपवून. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. डॉक्टरांनी नाव सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात. का होतं, ते ठाऊक नाही. मुळापासून जात नाही, पण काबूत ठेवता येतं.

"मेरे गुस्से से हुआ है?" मी विचारलं. सासूबाई म्हणत असत, तापट बाईचं आतडंच तापणार.

"नहीं," ते म्हणाले. "गुस्से से बीमारी नहीं होती. गुस्सा तो बीमारी से हो सकता है."

दोन औषधं मिळाली. एक स्टेरॉईडची, ती हळूहळू कमी करत बंद करायची, एकदम सोडायची नाही. दुसरी सल्फाची, मोठी पिवळी गोळी, जेवणानंतर. ती बरं वाटलं तरी चालूच ठेवायची. हे त्यांनी दोनदा सांगितलं. महिन्याभरात रक्त थांबलं. तोंड फुगून गोल झालं, ते नंतर उतरलं. मी पुन्हा भाकरी खाल्ली, मुलीला घेऊन जवळच्या महानगर मोहल्ल्यातल्या बाजारात हिंडले. तिथे बाथरूम कुठे आहे याचा विचार न करता हिंडले, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

वर्षभर सगळं छान चाललं. मग मुलीला ताप आला म्हणून कॉलनीतल्या त्याच डॉक्टरकडे गेले. त्यांनी माझी चौकशी केली. मी गोळ्यांचं सांगितलं.

"ठीक हैं तो दवा क्यों खा रही हैं? अंग्रेज़ी दवा गरम होती है."

आणि मी सोडल्या. मोठ्या डॉक्टरांनी दोनदा बजावलेलं असताना सोडल्या. कंटाळले होते, मळमळायचं, आणि सोडा म्हणणारं कुणीतरी मला हवंच होतं. दोन-अडीच महिन्यांनी गुडघे धरले. पुन्हा त्याच डॉक्टरकडे. त्यांनी दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या, दिवसातून तीन. त्या मी आठवडाभर घेतल्या.

आठव्या दिवशी माझ्या दहा-बारा खेपा झाल्या, सगळ्या रक्ताच्या. अंगात ताप, छाती धडधडत होती, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. मिस्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत बघू. मी म्हटलं, "रिक्षा आणा. आत्ता." इतक्या मोठ्याने ओरडले की मुलगी दचकून रडायला लागली. हॉस्पिटलात सतरा दिवस काढले, रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर जड गेलं असतं, असं डॉक्टरांनी मिस्टरांना तोंडावर सांगितलं. दुखण्याच्या त्या गोळ्या या आजारात आगीत तेल ओततात, हेही तेव्हाच कळलं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी काठी टेकत कॉलनीच्या डॉक्टरकडे गेले. बाकावर पाच-सहा बायामाणसं बसली होती. हॉस्पिटलचा कागद मी त्यांच्या टेबलावर ठेवला.

"यह आंव नहीं थी. और आपने दवा बंद करवाई."

त्यांनी कागद नीट पाहिलाही नाही. "बहनजी, यहाँ सबको आंव होती है. मैं क्या हर एक को नली डलवाऊँ?"

"जिसको महीनों से खून जा रहा है उसको डलवाइए."

"अगला," ते म्हणाले.

बाकावरच्या एका बाईकडे वळून मी म्हटलं, "खून आता हो तो बड़े अस्पताल जाइए. यहाँ मत बैठिए." कंपाउंडरने मला दाराबाहेर काढलं. मला जराही लाज वाटली नाही.

ऑफिसात सर्टिफिकेट दिलं. त्यात डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं, गरज पडेल तेव्हा ताबडतोब उठू द्यावं. मॅडमनी वाचलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. "सबकी कोई न कोई बीमारी है." दुसऱ्याच दिवशी मी हात वर केला. त्या रजिस्टरमध्ये बघत राहिल्या. मी मनात वीसपर्यंत मोजलं, चालू कॉल बाजीला दिला आणि उठले. परत आले तर मेमो तयार. त्याचं उत्तर मी चार ओळींत लिहिलं आणि सर्टिफिकेटच्या नकलेसह वरच्या साहेबांकडे पाठवलं. मागच्या वर्षी जानेवारीत खुर्चीवर काय झालं, तेही लिहिलं. सभ्य शब्द शोधत बसले नाही. साक्षीदार म्हणून बाजीने सही केली. बाकीच्या बारा जणींनी केली नाही.

साहेबांनी मला दाराजवळचा बोर्ड दिला आणि हात वर न करता उठायची मुभा दिली. मेमो मागे घेतला नाही. माझ्या फाइलमध्ये तो निवृत्तीपर्यंत होता. मॅडम तर माझ्याशी पुन्हा बोलल्याच नाहीत.

त्यानंतर आजार दोनदा उसळला. पहिल्या वेळी माझ्याआधी मुलीने ओळखलं. आठ वर्षांची होती, मी मराठीत बोलायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची. मी तिची वेणी घालत होते.

"मम्मी, तुम फिर वैसे बैठ रही हो."

"कशी?"

"जैसे अस्पताल जाने से पहले बैठती थीं. एक हाथ पेट पर."

डाव्या हाताने मी पोट धरलं होतं. मग आठवून पाहिलं. दोन दिवस तोंडात फोड होता, गुडघे सकाळी आखडत होते, पहाटे घाईने उठावं लागत होतं, आणि बाहेर शेंबडासारखं तेवढंच पडत होतं. रक्त अजून नव्हतं. एरवी मी रक्त दिसेपर्यंत थांबले असते. त्याच सकाळी हॉस्पिटल गाठलं. औषध वाढवलं, स्टेरॉईड थोडे दिवस दिलं. कोंड्याची पोळी, कच्चं सलाद, दूध बंद केलं, कारण दूध मला सोसत नाही. दुसऱ्या कुणाला सोसतही असेल. तीन आठवड्यांत आटोक्यात आलं. ॲडमिट व्हावं लागलं नाही.

त्या दिवशी हॉस्पिटलातून परतल्यावर मुलीला मी जवळ घेतलं, आणि मनात आगडोंब उसळला. आठ वर्षांच्या पोरीला नुसतं बघून कळलं होतं. वर्षभर माझी नाडी धरणाऱ्याला कळलं नव्हतं. वर्षभर शेजारी झोपणाऱ्यालाही नाही.

त्या संध्याकाळी मिस्टर म्हणाले, "आता तरी राग सोड." मी पिवळी गोळी पाण्याबरोबर घेतली आणि त्यांना म्हटलं, उद्या पुन्हा बोलावलंय, तुम्ही माझ्याबरोबर हॉस्पिटलात येताय, डॉक्टर काय सांगतात ते स्वतःच्या कानांनी ऐका. दुसऱ्या दिवशी ते आले. सगळं ऐकलं, दोन प्रश्नही विचारले. त्यानंतर कुठल्याच खेपेला त्यांनी मला एकटं पाठवलं नाही.