उत्तरेश्वरचा डावा डोळा

अणदूरचा उत्तरेश्वर टेनिसवर पोट भरतो, हे त्याच्या आईला, द्वारकाबाईला, कधी पटलंच नाही. "चेंडू मारायचा पगार कोन देतंय रं?" असं ती विचारायची. पण उस्मानाबादच्या साहेबलोकांच्या क्लबात तो मार्कर होता, म्हणजे पगारी खेळाडू. साहेबांशी खेळायचं, त्यांना शिकवायचं आणि वर्षातून एकदा सोलापूरला मार्करांच्या सामन्यांत उतरायचं. त्याला तयार केलं होतं मुरुमच्या म्हाताऱ्या कल्याणप्पानं. तो निजामाच्या काळापासून त्याच क्लबात होता.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात उत्तरेश्वर नेटपाशी उभा असताना एक जोरकस फटका थेट डाव्या डोळ्यावर बसला. सूज उतरली, पण नजर पुरती परतली नाही. डावीकडून येणारा चेंडू आधी दिसायचाच नाही आणि मग एकदम तोंडाशी यायचा. त्यानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. अधू डोळ्याचा मार्कर कोण ठेवणार? साहेबांचे चेंडू संथ, त्यामुळं निभून जायचं. पण सोलापूर जवळ आलं तशी त्याची झोप उडाली. कुणी टॉवेल भिरकावला तरी हात आपसूक तोंडावर जायचे.

सोलापुरात पहिलीच गाठ हैदराबादच्या हिंमतरावाशी पडली. त्याची सर्व्हिस म्हणजे नुसता धोंडा. पहिल्या सेटमध्ये प्रत्येक चेंडूला उत्तरेश्वरनं मान फिरवली. लोक हसले. बाजू बदलताना सोबत आलेल्या कल्याणप्पानं त्याचं मनगट धरलं.

"डोळ्याला काय झालंय?"

"काय न्हाय, अप्पा."

"मला शिकवू नको. दिसत न्हाय ना?"

"लई भ्या वाटतंय. दुसराबी गेला तर म्या काय करू?"

"मग सोड सामना. मी सांगतो त्यांना. जाऊ गावाकडं."

उत्तरेश्वरनं फाटकाकडं पाहिलं. मोकळं होतं. पण आज इथून निघालो तर उद्या साहेबांच्या संथ चेंडूलाही आपण मान फिरवणार, हे त्याला कळून चुकलं. तो परत कोर्टात गेला. खूप मागं आणि डावीकडं सरकून उभा राहिला, म्हणजे बहुतेक चेंडू चांगल्या डोळ्यासमोर येतील. फटके मारायचं धाडस नव्हतं, म्हणून तो नुसते उंच, सावकाश चेंडू परतवत राहिला. हिंमतराव चिडला, घाई करू लागला, नेटमध्ये मारू लागला. संध्याकाळ होता होता उत्तरेश्वर जिंकला.

कल्याणप्पानं त्याला मिठी मारली, पण उत्तरेश्वरचं अंग गार पडलं होतं.

"अप्पा, म्हंजे उद्या परत खेळायचं?"

दुसऱ्या दिवशी तो सपशेल हरला. उस्मानाबादला परतल्यावर त्यानं क्लबाच्या सेक्रेटरींना डोळ्याचं स्वतःहून सांगितलं. त्यांनी त्याला कामावर ठेवलं. पुढं बरीच वर्षं तो सोलापूरला खेळला, पण दुसऱ्या फेरीपलीकडं कधी गेला नाही. दर सामन्याआधी तो कुंपणामागं जाऊन ओकायचा, चूळ भरायचा आणि रॅकेट उचलून कोर्टात उतरायचा.