चार दिवस आधी भरलेली बॅग

माझी मुलगी शनिवारी जर्मनीला नर्स म्हणून जाणार होती आणि मी तिची बॅग मंगळवारीच भरून, वजन करून, वर चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती. तिला विचारलंसुद्धा नाही. नवरा म्हणाला, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. आपल्याकडे बायकोच उतावळी!" मी म्हटलं, तुम्ही पेपर वाचा.

दोष अर्धा स्वभावाचा, अर्धा नोकरीचा. मी वाशीला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात आहे. न्हावा शेवा बंदराला जहाज लागायच्या आत त्यातल्या मालाचे कागद भरून झालेले हवेत. राहिले की माल अडकतो आणि बोलणी मी खाते. वीस वर्षं हेच केल्यावर माणूस आजच्या दिवसात फारसा सापडत नाही. दर रविवारी चर्चमध्ये मी डोळे मिटून आजच्या भाकरीसाठी प्रार्थना म्हणते आणि मिटल्या डोळ्यांनी उद्याच्या डब्याची भाजी ठरवते.

बुधवारी संध्याकाळी आमच्या नेरूळच्या घरी घरप्रार्थना होती. मंडळीतलं कुणी लांब जाणार असलं की त्याच्या घरी जमायचं, गाणी म्हणायची, वचन वाचायचं, प्रत्येकानं आपली विनंती सांगायची आणि शेवटी चहा, अशी आमच्यात पद्धत आहे. प्रार्थना चालवायला चर्चमधल्या एक मावशी दिघ्याहून आल्या होत्या. मूळच्या जालन्याकडच्या, सत्तरीच्या, आवाज खणखणीत.

पहिल्या गीताला सगळ्यांनी आपापली पुस्तकं उघडली. माझी मुलगी रिकाम्या हातानं बसली होती.

"तुझं पुस्तक कुठाय गं?" मावशींनी विचारलं.

"मम्मीनं पॅक केलं."

सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले. मुलगी सरकून माझ्याजवळ आली आणि माझ्या पुस्तकाची एक बाजू धरून गाऊ लागली. मी मात्र मधल्या ओळी गाळत होते, कारण एअरपोर्टला किती वाजता निघायचं ते डोक्यात चाललं होतं.

मग विनंत्या. माझ्या मोबाइलमध्ये लिहून तयार होत्या. विमान वेळेवर सुटावं, तिकडे कुणी अडवू नये, खोली चांगली मिळावी, भाषेची पुढची परीक्षा पास व्हावी, थंडी बाधू नये, संगत बरी लाभावी. शेवटी, जरा हळू आवाजात, स्थळ विश्वासातलं, ख्रिस्ती मिळावं. मुलीनं कपाळाला हात लावला.

मावशींनी डोळे उघडले. "झालं का बाई? यातली आजची कोन्ती हाय?"

मला राग आला. यांची नातवंडं यांच्याच गल्लीत राहतात, यांना काय कळणार विमानाचं, असं सरळ मनात आलं.

"समदं ऐकलं त्यानं," मावशी म्हणाल्या. "पन पोरगी आज तुझ्याशेजारी बसली हाय. तिचं काय मागतीस?"

मी आजचा दिवस शोधू लागले. सकाळी ती चहा घेऊन आली होती. 'मम्मी, बस ना दोन मिनटं,' म्हणाली होती. मी फोनवर होते. थांब म्हणून हात केला. चहा गार झाला आणि ऑफिसला निघताना मी तो बेसिनमध्ये ओतला. सकाळी तिनं काय घातलं होतं, तेही आठवेना. ती जाणार म्हणून मी आतून घाबरले होते आणि त्या भीतीपायी तिला आधीच पाठवून मोकळी झाले होते. हे मी सगळ्यांसमोर, नाक पुसत, तसंच सांगितलं. फार लाज वाटली.

मावशींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. एरवी त्यांची प्रार्थना लांबते. त्या दिवशी एकच वाक्य बोलल्या, "देवा, हिला आजची पोरगी आजच दे." सगळे आमेन म्हणाले.

मंडळी गेल्यावर मुलीनं तिचं कपाट उघडलं. तिच्या कप्प्यात मी पाहुण्यांच्या चादरी रचून ठेवल्या होत्या.

"मम्मी, हापण भरलास? अजून गेले नाय मी."

मी सुरी आणली आणि बॅगेवरची चिकटपट्टी कापली. आधी गाण्याचं पुस्तक काढलं, मग तिचे चार ड्रेस. चादरी खाली ठेवल्या आणि तिचे कपडे कप्प्यात लावायला घेतले. आता परत वजन करावं लागणार, पट्टी पुरेल का, असं मन मधेच पळत होतं. प्रभू, आजचं, आजचं, असं पुटपुटत मी मनाला ओढून आणत होते. ते काही शहाण्यासारखं येत नव्हतं.

"तीन दिवसांसाठी कशाला लावतेस?" तिनं विचारलं.

"तीन दिवस आहेत म्हणून."

मग ती चहा ठेवायला गेली. मी फोन कपाटात, तिच्या कपड्यांखाली ठेवला आणि तिच्यामागे जाऊन ओट्याशी उभी राहिले.