मेंढरांचं बघ

"काळ्या पाण्यावर नेतोस व्हय मला? काय गुन्हा केला म्या?"

अंदमानचं नाव ऐकल्यावर कस्तुराबाईच्या तोंडून पहिल्यांदा हेच निघालं, आणि घरातले सगळे हसले. धाकटा मुलगा अंगद तर पोट धरून हसला. तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, शहरात मुकुंदवाडीच्या अलीकडं त्याचा फ्लॅट होता, आणि एका सहल कंपनीकडं त्यानं बायको-पोरीसोबत आईचंही नाव घातलं होतं. त्यानं मोबाईलवर तिला फोटो दाखवले. निळं पाणी, पांढरी वाळू, नारळाची झाडं.

"जेल आता नुसतं बघायला हाय माय. बाकी मजाच मजा. काचेच्या बुडाची बोट असती. बसल्या जागी समुद्राचा तळ दिसतो."

"तळ बघाया तेवढं लांब कशाला जायचं? आपल्याकडं समद्याच तलावांचा तळ दिसाया लागलाय."

हे मात्र खरं होतं. पाऊस चुकल्याचं हे लागोपाठ दुसरं वर्ष. माघ सरायच्या आतच त्यांच्या गावच्या, सोयगावच्या आसपासची तळी भेगाळली होती आणि माणसांसाठी टँकर सुरू झाला होता. मेंढरांसाठी टँकर नसतो. थोरला मुलगा बिभीषण हातपंपावर नंबर लावून बादली बादली पाणी ओढायचा आणि मेंढरांपुढं ठेवायचा.

आजवर कस्तुराबाई फिरली नव्हती असं नाही. उलट लग्न झाल्यापासून ती फिरतच होती. नवरा आप्पा पुढं, मेंढरं मध्ये, घोड्यावर बिऱ्हाड, आणि मागं ती. दिवाळी झाली की सोयगावहून घाट चढायचा, सिल्लोडच्या बाजूनं खाली उतरत शेंद्र्याच्या काळ्या रानापर्यंत यायचं. शेतकरी रात्री आपल्या शेतात मेंढरं बसवायला सांगायचे. लेंड्यांचं खत त्यांना, ज्वारी-बाजरी यांना. बिभीषणचा जन्म सिल्लोडजवळच्या एका बांधावर झाला. दुसऱ्या दिवशी ती वाटेला लागली होती. पुढं दर साली एकेक रान कमी होत गेलं. आधी तारेचं कुंपण यायचं, मग चुना मारलेले दगड, मग भिंत, आणि भिंतीआड कारखाना. जिथं मेंढरं बसायची तिथं आता अंगद गाडी लावतो. आप्पा गेला तो असल्याच एका भिंतीच्या कडेनं, तापानं. डॉक्टरकडं न्यायला कुणी गाडी थांबवली नाही. त्यानंतर कळप आई आणि थोरला मिळून राखत होते.

कळप अर्ध्याच्याही खाली आला होता. सिल्लोडचा व्यापारी दर आठवड्याला फोन करत होता. अंगद म्हणायचा, विकून टाक माय, आता त्यात काय राहिलंय. कस्तुराबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तिला मेंढरांचा फार लळा होता अशातलाही भाग नव्हता. त्यांना तिनं आयुष्यभर शिव्याच घातल्या होत्या. पण मेंढरं होती तोवर, आता तू कुणाकडं राहणार, असं तिला कुणी विचारत नव्हतं.

निघायच्या दिवशी बिभीषण तिची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत आला. जीपमध्ये चढता चढता ती म्हणाली, "मी येईस्तोर मेंढरांचं बघ रं."

बिभीषणनं मान हलवली. शेजारी अंगद उभा होता. तो म्हणाला, "बघंल, बघंल. तू बस."

दोन विमानं बदलून ते पोर्ट ब्लेअरला पोचले. विमानात नात सृष्टी तिच्या मांडीवर होती. जेल बघताना कडेवर. संध्याकाळी तिथं दिव्यांचा आणि आवाजाचा खेळ होता, तेव्हा पोरगी आवाजाला घाबरून रडायला लागली, म्हणून कस्तुराबाई तिला घेऊन बाहेर फाटकापाशी बसली आणि खेळ अंगदनं आणि त्याच्या बायकोनं, अंबिकानं बघितला. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या वाळूवर पोरगी तिच्याकडंच. ती दोघं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून फोटो काढत होती. अंबिका मधूनच हात हलवून ओरडायची, "आत्याबाई, ती वाळू खाती का बघा बरं!"

कस्तुराबाईला वाईट वाटलं नव्हतं. सासू सोबत न्यायची ती कशासाठी, हे तिला कळत होतं. समुद्र मात्र तिला आवडला नाही. एवढं पाणी आणि तोंडात घालता येत नाही, याचा तिला रागच आला. हॉटेलात नळ सोडला की पाणी येतच राहायचं. ती दर वेळी लगबगीनं बंद करायची, आणि अंबिका म्हणायची, "अहो, इथं वार नसतो पाण्याचा." शहरातल्या त्यांच्या गल्लीत कितीतरी दिवसांनी एकदा नळ यायचा. त्या दिवशी कुणीतरी घरी थांबावंच लागायचं.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांना बोटीनं रॉस बेटावर नेलं. जुन्या इमारतींच्या भिंतींना झाडांच्या मुळ्यांनी वेटोळे घातले होते, आणि हरणं माणसांच्या हातचं खोबरं खायला जवळ येत होती. इथं मात्र कस्तुराबाई रमली. ती सृष्टीला घेऊन एका हरणामागं हिंडत होती.

"खुराला काय तरी झालंय याच्या," ती आपल्याशीच म्हणाली.

"काय कस्तुराबाई, इथं बी धंदा सुरू का?" मागून तात्यासाहेब आले. शेंद्र्याचे मोठे जमीनदार, याच सहलीत आलेले. आता जमीन कारखान्यांकडं गेली होती आणि ते सहलींना जात होते. त्यांच्या रानात आप्पाची मेंढरं कित्येक वर्षं बसली होती. सहलीभर ते जमीनच बघत होते. "आता हे बघा. चारी बाजूंनी समुद्र. नुसतं एन.ए. केलं ना, तर एकेक प्लॉट..."

"माणसं कुठून आणायची तात्या, इथं ऱ्हायला?"

"माणसं येतात हो. आमच्याकडं नाय आली?" तात्यासाहेब हसले. मग मनापासून म्हणाले, "पण तुमी बरं केलं. मेंढरं मोकळी केलीत ते."

"कुणाची मेंढरं?"

"तुमचीच की. अंगद सांगत होता. आज व्यापाऱ्याची गाडी जायची म्हणं सोयगावला. लई सोसलंत बाई तुमी. आता नातीला खेळवायचं, नळाच्या पाण्याचा वार सांभाळायचा, सावलीत बसायचं."

सृष्टीच्या मुठीतला खोबऱ्याचा तुकडा हरणानं ओढून घेतला आणि पोरगी खिदळली.

पुढच्या बेटावर जाताना बोटीत तिनं अंगदच्या शेजारची जागा धरली. सगळ्यांना नारिंगी जाकिटं घातली होती. तिच्या नऊवारीवर ते घट्ट आवळलं होतं आणि नीट श्वास घेता येत नव्हता.

"गाडी बोलावलीस म्हणं."

अंगदनं पहिल्यांदा तात्यासाहेबांकडं बघितलं. तात्यासाहेब दुसऱ्या टोकाला कुणाला तरी प्लॉट समजावून सांगत होते.

"माय, तूच म्हणलीस की."

"म्या?"

"स्टँडवर. मेंढरांचं बघ म्हणलीस. समद्यांसमोर."

"बघ म्हंजी राख म्हणलं रं. चारायला ने, पाणी पाज, लांडग्याचं बघ."

"आमाला वाटलं, काय तरी मार्ग काढा म्हणतीस. तोंडानं विका म्हणवत नसंल तुला, म्हणून बघ म्हणली आसशील. दुसऱ्यांदा दुष्काळ पडला, आता बघायचं म्हंजी दुसरं काय बघायचं?"

ह्या शब्दावर कस्तुराबाईनं कधी विचार केला नव्हता. आप्पा आजारी पडला तेव्हा तिनं दिराला म्हटलं होतं, यांचं बघा. त्याचा अर्थ डॉक्टर आणा. अंगदला शाळेत घातलं तेव्हा मास्तरांना म्हटलं होतं, पोराचं बघा. त्याचा अर्थ मारा पण शिकवा. आणि घरात मेलेल्या जनावराचंही बघावं लागायचं, म्हणजे ते उचलून टाकावं लागायचं. अंगद खोटं बोलत होता हे तिला दिसत होतं, पण त्याला खोटं ठरवायला शब्दाचा आधार मिळत नव्हता.

"आणि बिभीषण? त्याला बी तसंच वाटलं?"

"त्याला विचार," अंगद म्हणाला. तेवढ्यात त्याच्याच खिशातला फोन वाजला. त्यानं बघून कापला. परत वाजला.

"दे इकडं," ती म्हणाली.

बोट धक्क्याला लागत होती. तिनं सृष्टीला अंगदच्या हातात दिलं, फोन घेतला आणि उतरून कडेच्या बाकावर बसली.

"अंगद, किती फोन लावायचे रं," बिभीषण पलीकडून म्हणाला. "गाडी उभी हाय."

"मी हाय."

पलीकडं मेंढरांचा आवाज येत होता. त्यात कुणीतरी हिंदीत घाई करत होतं, चल भाई, धूप हो रही है.

"माय, बरं झालं तूच हायेस," बिभीषण घाईनं म्हणाला. "अंगद म्हणतो, भर. मी म्हणलं, एकदा इचारतो. तू बघ म्हणली होतीस... ते राख म्हणून म्हणली होतीस का काढ म्हणून?"

त्याचा प्रश्न खरा होता. ते तिला आवाजावरून कळलं.

"पाणी पाजलंस का सकाळी?" तिनं विचारलं.

"थोडं थोडं. हातपंप गाळ ओकतोय."

"तुला काय वाटतं? विकायची का?"

तो बोलेना.

"बोल की. जीभ गिळलीस काय?"

"अजिंठ्याकडची एक मुलगी सांगून आलीय," तो हळूच म्हणाला. "बाप म्हणतो, पोरगा कंपनीत आसंल तर देतो. रानोमाळ फिरणाऱ्याला देत नाय. अंगदनं माझं नाव घातलंय शेंद्र्याला. मेंढरं राहिली तर मी कसा जाऊ?"

"हे मला कवा सांगणार हुतास? लगनात?"

"तू नाय म्हणली आसतीस. अंगद म्हणला, तिला समुद्र दाखवून आणतो, तवर उरकून घे. डोळ्यासमोर नसलं की रडायची बी नाय."

समोर माणसं तिकिटांच्या खिडक्यांपुढं ढकलाढकली करत होती. इथं काचेच्या बुडाची बोट होती, पाण्यावर पळणारी फटफटी होती, आणि डोक्यावर काचेचं मोठं टोप घालून समुद्राच्या तळावर चालायची सोय होती.

"इचारलं आसतं तर नाय म्हणलं आसतं म्या," कस्तुराबाई म्हणाली. "पण मला नाय तरी म्हणू द्यायचं हुतं."

"मग आता म्हण. मी गाडी परत पाठवतो. आयशपथ पाठवतो."

तो पाठवील, हे तिला माहीत होतं. अंगद पाठवणार नाही, पण बिभीषण पाठवील, आणि संध्याकाळी पुन्हा हातपंपावर उभा राहील. त्याच्या कानामागचे केस पांढरे झाले होते. गेल्या साली एका लग्नात पोरांनी त्याला काका म्हटलं होतं, आणि तो जेवण न करता उठला होता. ते तिनं बघितलं होतं आणि न बघितल्यासारखं केलं होतं.

एक शब्द म्हणायचा होता.

"भर," ती म्हणाली.

"माय?"

"भर म्हणलं ना. फोडून सांगते. काढ म्हणून म्हणते. आता तरी कळलं का?" मग तिचा आवाज चढला. "आणि कोंबू नको एकमेकांवर. गाभणी वेगळी काढ, ती शेवटी चढव. लंगडीला कडंला ठेव, नायतर चेंगरंल. आणि त्या माणसाला म्हणावं वाटंत पाणी दाखव, पैसे घेतल्यावर इसरतात ही माणसं."

"व्हय."

"आणि तू रडू नको. मुलीकडच्यांनी डोळे बघितले तर म्हणतील, पोरगा दारू पितो."

फोन बंद झाल्यावर ती जाकिटाची बंदं ओढायला लागली. ती सुटत नव्हती. अंबिकानं येऊन ती सोडवली.

अंगद शहाळं घेऊन आला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती, आणि ती लपवायचा प्रयत्नही दिसत होता.

"चांगलं झालं माय. परत गेल्यावर फ्लॅटवरच ये सरळ. तुझी खोली करून ठेवलीय."

"मी सोयगावला जाणार."

"तिथं आता काय हाय?"

घर होतं, दोन खोल्यांचं, पत्र्याचं. बिभीषण शेंद्र्याला गेला की त्यातही ती एकटीच राहणार होती. मेंढरांच्या रिकाम्या वाड्याभोवतीची कुंपणाची जाळी गुंडाळून ठेवायचं काम तेवढं शिल्लक होतं.

"अंबिकाला नोकरी लागलीय," अंगद म्हणाला. "एक तारखेपासून. पोरीला कुणाकडं ठेवायचं? पाण्याच्या दिवशी घरी कोण थांबणार? हे बी बघायला पाहिजे ना कुणीतरी."

कस्तुराबाईनं सुनेकडं बघितलं. अंबिका लाल झाली. "मला वाटलं यांनी तुमाला विचारलंय, आत्याबाई. हे म्हणले, आई तयार हाय."

"मी काय काय म्हणलेय, ते मलाच लोकांकडून कळाया लागलंय," कस्तुराबाई म्हणाली.

अंबिका नवऱ्याकडं वळून काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात तिकडून हाक आली. समुद्रात चालण्याच्या खिडकीवरचा पोरगा हातातला कागद हलवत होता. "अंगद भाऊ! दो लोग! जल्दी आइये, पानी उतर रहा है."

पैसे आधीच भरले होते. अंगदनं घड्याळ काढून खिशात घातलं. अंबिका जागची हलली नाही. तिनं सृष्टीला कडेवर घेतलं होतं आणि ती सासूकडं बघत उभी होती. विचारत नव्हती, पण पोरीला खालीही ठेवत नव्हती.

रोज अशा वेळी कस्तुराबाईचे हात आपोआप पुढं व्हायचे. आज ते गुडघ्यांवर होते, आणि तिनं ते तिथंच दाबून धरले.

"तुमी जा," अंबिका नवऱ्याला म्हणाली. "मला नाय जायचं."

"अगं, पैसे भरलेत दोघांचे!"

"आई, खाली," सृष्टी म्हणाली आणि आईच्या कमरेवरून घसरली. वाळूतून दोन पावलं टाकून ती बाकापाशी आली, आजीच्या नऊवारीचा सोगा मुठीत धरला आणि जोर लावून वर चढायला लागली. कस्तुराबाईनं तिला हात दिला नाही. ढकललंही नाही. पोरगी धापा टाकत, एक गुडघा बाकावर आणि एक तिच्या मांडीवर रोवत, आपली आपणच चढली आणि बसली.