चांदवा आणि वारकरी

मंगळवारी सकाळी ग्रंथालयात फोन आला. दादा गेला होता. हातातल्या पुस्तकावर शिक्का मारून मी घरी गेले.

भेटायला येणारे त्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल विचारतात. मी सांगते. पण एकटी असले की मला नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यातली एक सकाळ आठवते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. दर हिवाळ्यात आम्हा पक्षीवेड्यांची स्पर्धा असायची. पहाटे नाशिकच्या द्वारका चौकातून टेम्पो निघायचा तो उजाडताना बंधाऱ्यावर. दोघादोघांनी फिरायचं आणि अकरापर्यंत जितक्या जातींचे पक्षी दिसतील ते लिहायचे. बक्षीस एकच होतं. गटाची तिपाईवरची दुर्बीण वर्षभर जिंकणाऱ्या जोडीच्या घरी राहायची. सलग तीन वर्षं ती दातांच्या एका डॉक्टरांकडे आणि त्यांच्या बायकोकडे होती.

दादाला ती हवी होती. सातपूरच्या कारखान्यात लोखंडाचा कण उडून त्याचा डावा डोळा अधू झाला होता. गळ्यातल्या दुर्बिणीतून त्याला दूरचं नीट लागत नसे. तिपाईवरच्या दुर्बिणीला एकच डोळा पुरतो. "ती माझ्यासाठीच बनवलीय," तो म्हणायचा. "डॉक्टरांचा एक डोळा तर फुकटच जातो."

आमच्यात वाटणी ठरलेली होती. त्यानं नावं सांगायची, मी लिहायची. त्याला पक्षी शिकवले ते काठावरच्या मासेमारांनी, मला पुस्तकांनी.

त्या दिवशी धुकं इतकं होतं की आधी नुसते आवाजच आले. मग पाणी उघडं पडलं, आणि दादा थांबेचना. "चक्रवाक! थापट्या! चांदवा, लिही! तो बघ शेकाट्या, पाय बघ त्याचे!" थंडीनं पेन उमटत नव्हतं. मी त्याच्यावर तोंडाची वाफ सोडत लिहीत होते, अर्धं चालत, अर्धं पळत. मध्ये तो बाभळीत पिंगळा शोधायला पुढे गेला, तेवढ्यात मला एकटीला पाण्यावर एक काळा पक्षी दिसला, कपाळावर पांढरा टिळा असलेला. पुस्तकातला वारकरी! मी तो यादीत घातला. एक तरी माझा, असं वाटून फार बरं वाटलं.

अकरा वाजता परीक्षक सरांनी झाडाखाली याद्या मोठ्यानं वाचल्या. ते विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. डॉक्टरांपेक्षा आमचा एक पक्षी जास्त भरला. टाळ्या पडल्या. दादा सरळ दुर्बिणीपाशी गेला आणि त्यानं तिच्यावर हात ठेवला.

चहा घेऊन आलेल्या मासेमारानं सरांना विचारलं, "सर, वारकरी म्हंजे कोन्ता हो?"

"तो बघ, काळा. पांढरा टिळा."

"आवो, त्यो तर चांदवा हाय!"

सगळे हसले. मी हसले नाही. आमच्या यादीत दोन्ही होते. मी दादाकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे. इतर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत त्यानं दुर्बिणीवरचा हात काढला.

"सर, आमचा एक कापा. एकच पक्षी दोनदा आलाय."

डॉक्टरांची बायको म्हणाली, "अहो दादा, त्याचं माहेरचं नाव वेगळं आणि सासरचं वेगळं धरलंत की काय!"

हशा थांबेना. दादा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काय हो ग्रंथपालबाई, तुमच्या पुस्तकात चांदवा नाही होय?" मला रडू येत होतं.

आता बरोबरी झाली होती. सर घड्याळ बघत म्हणाले, "वीस मिनिटं. दोन्ही याद्यांत नसलेला पक्षी जो आधी दाखवेल त्याची दुर्बीण."

डॉक्टर नवराबायको झाडीकडे पळाले, आम्ही बंधाऱ्याकडे. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. जो दिसे तो यादीतलाच. अचानक दादानं माझं मनगट धरलं. "ऐक." मला उसातल्या पंपाशिवाय काही ऐकू येईना. तो शेताकडे तोंड करून ओरडला, "भाऊ, इंजिन बंद करा! दोन मिनिटं!"

इंजिन थांबलं. वर कुठेतरी, खूप उंच, कुर्र कुर्र.

"करकोचे!" त्यानं आवाजाच्या दिशेनं बोट धरलं. त्याला ते दिसत नव्हते. मी बोटाच्या रेषेत गळ्यातली दुर्बीण लावली आणि रांगच्या रांग सापडली. "दिसले! सर, दिसले!" ग्रंथालयात सगळ्यांना गप्प करणारी मी, किंचाळत होते. सरांनी झाडाखालून बाहेर येऊन पाहिलं, मान हलवली. डॉक्टर धापा टाकत आले, वर बघून म्हणाले, "गेली माझी दुर्बीण," आणि स्वतःच ती तिपाईसकट उचलून दादाच्या खांद्यावर ठेवली.

वर्षभर ती आमच्या गच्चीवर होती. पहिल्या पाळीला जायच्या आधी तो वर जायचा. मी झोपलेली असायचे, त्यामुळे पहिल्यांदाच तो स्वतः लिहू लागला. पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी दुर्बीण परत जिंकली.

माझ्याकडे दादाच्या अक्षरातली एक वही आहे. तिच्यात एका वर्षाचे पक्षी आहेत. त्याच्या शुद्धलेखनाच्या चुका मी दुरुस्त केलेल्या नाहीत.