चौथा बोल्ट

मधुकर गेल्याची बातमी मला एका गिऱ्हाइकानं दिली, आणि तीही भाव पाडण्यासाठी. पिपरी मेघेच्या माझ्या आवारात जुना ट्रॅक्टर बघायला आलेला तो माणूस बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "मधुभाऊ तं परवा गेले. आता पारखून देणारं कोणी राह्यलं नाई, थोडं कमी करा ना जी." मी त्याला हाकलून दिलं. मधुकरच्या मरणाची खबर मला अशी सौद्याच्या मधोमध मिळावी... दुसऱ्या कुणी कळवलं नव्हतं. आमचं बोलणं बंद आहे, हे साऱ्या वर्ध्याला ठाऊक होतं. तेरवीलाही मी गेलो नाही.

जुने ट्रॅक्टर घेऊन विकायचा धंदा आम्ही दोघांनी मिळून सुरू केला होता. जुना ट्रॅक्टर क्वचितच एका घरचा असतो. इंजिन एकाचं, गिअरपेटी दुसऱ्याची, तोंड तिसऱ्याचं, आणि वरून ताजा रंग. कुठला भाग कुठून आला हे ओळखण्यावरच आमची भाकर होती. मी जोडाच्या खुणा आणि रंगाचे पापुद्रे बघायचो. मधुकर मडगार्डवर अंगठीनं टकटक करायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. मग मी काहीही म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं : "नाई बे, शेठ." मी हमालीतून वर आलो म्हणून तो मला शेठ म्हणायचा. तिथून जो वाद सुरू व्हायचा तो घरी येईपर्यंत चालायचा. टपरीवर चहा निवून जायचा. पण त्या वादातून शेवटी जे उरायचं, ते बहुतेक वेळा खरं निघायचं. त्याच्याशिवाय मी कितीतरी ट्रॅक्टर पारखले, पण इतकी खात्री मला पुन्हा कधी वाटली नाही.

आमचं फाटलं ते केळझरच्या एका लाल ट्रॅक्टरवरून. त्याचं तोंड नवं होतं, पण डाव्या पायपाटीचा बाक पाहताच मी ओळखलं. मागचा सारा भाग हिंगणघाटच्या जिनिंगमधल्या ट्रॅक्टरचा होता. तरुणपणी मी तिथं कापसाच्या गाठी उचलायचो. दुपारी मालक जेवायला गेला की आवारातला ट्रॅक्टर हळूच फिरवून बघायचो. मी चालवायला शिकलो तो त्याच्यावरच. एकदा त्याची मागची हौसिंग, म्हणजे धुऱ्यावरचं लोखंडी कवच, तडकली, तेव्हा तिच्यावर लोखंडी पट्टी बसवली. पट्टी मीच धरून उभा होतो. तीन बोल्ट बसले. चौथ्याच्या भोकात आटे पाडताना टॅपचं हत्यार तुटलं आणि मालक म्हणाला, राहू द्या. ते भोक तसंच रिकामं राहिलं.

केळझरला त्या जागी रंगाचे जाड थर होते. मी ते खरवडायला निघालो, तर मधुकरनं माझा हात धरला. "नाई बे, शेठ. मागचा भाग याचाच हाय. उगा रंग नको काढू." मी हट्टाला पेटलो, जिनिंगचं सांगू लागलो, तेव्हा जमलेल्या माणसांसमोर तो हसत म्हणाला, "तू तिथं गाठी उचलत होता बे, ट्रॅक्टर कुठं चालवून राह्यला होता?" सगळे हसले. तासाभरापूर्वी मला भाऊ भाऊ म्हणणारेही हसले. त्याच दिवशी मी वेगळा झालो. ट्रॅक्टर त्यानं विकत घेऊन स्वतःकडेच ठेवला. त्यानं कधी फोन केला नाही, आणि मी का करावा? ज्याला खोटं पाडलं, त्यानंच उंबरा चढावा? आजही माझं म्हणणं तेच आहे.

तेरवी होऊन काही आठवडे गेले आणि त्याच्या मुलीचा, सुषमाचा, फोन आला. "काका, तो लाल ट्रॅक्टर विकाचा हाय, पण घेणारा म्हणते मागचा भाग याचा नाई. तुमी येऊन सांगून द्या ना." मी सेलूला मधुकरच्या घरी गेलो. घरामागच्या शेडमध्ये तो लाल ट्रॅक्टर उभा होता. मधुकरनं नंतर केलेले बदल पाहताक्षणीच कळले. धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून सायलेन्सर वळवलेला, पाठदुखीसाठी सीटला मागून टेका लावलेला. मग मी त्याच्याच पेटीतली पटाशी घेऊन हौसिंगवरचा रंग काढला. रंगाखाली पुट्टी लागली. पुट्टीखाली पट्टी होती. पण जुन्या रंगाचा एक कणही नव्हता. कुणीतरी आधीच सगळं लोखंडापर्यंत घासलं होतं. तीन बोल्ट गंजलेले, चौकोनी डोक्याचे. आणि चौथ्या भोकात नवा बोल्ट. नीट आटे पाडून, ग्रीस लावून बसवलेला.

"हे बाबांनीच केलतं," सुषमा म्हणाली. "तुमी वेगळे झाल्यावर लगेच. एकटेच घासत बसले होते. मी म्हटलं, काऊन? तं म्हणे, कोण बरोबर होतं ते पाहून राह्यलो."

"मग?"

"मग काय. बोल्ट आणाले गेले."

म्हणजे त्याला कळलं होतं. एवढी वर्षं कळलं होतं! बोल्ट शोधला, आटे पाडले, पुट्टी भरली, रंग दिला... तेवढ्या वेळात सेलूहून माझ्या आवारात येऊन परत जाता आलं असतं. "तू बरोबर होता," इतकंच बोलायचं होतं. ट्रॅक्टरचं राहिलेलं त्यानं पुरं केलं, माझं तसंच ठेवलं.

"आता तं भांडण मिटलं ना, काका?" सुषमानं विचारलं.

"कोणासंग मिटवू, पोरी?"

तो ट्रॅक्टर आता माझ्याकडे आहे. पट्टीवर मी पुन्हा रंग दिलेला नाही. गिऱ्हाईक त्याच्याभोवती फिरतं आणि विचारतं, "कुठला हाय जी हा?" मी म्हणतो, "मागचा भाग हिंगणघाटच्या जिनिंगचा." एवढं बोलून मी जुन्या सवयीनं थांबतो, मडगार्डच्या बाजूला बघत...

"असन," गिऱ्हाईक म्हणतं, आणि पुढचं चाक बघायला जातं.