पिवळ्या खांबाचे ओरखडे

माझ्या गाडीवर मुलांनी ओरखडे मारले, असं मी गेल्या आठवड्यात सोसायटीच्या याच ग्रुपवर लिहिलं होतं. ते साफ चूक होतं, म्हणून पुन्हा लिहिते आहे.

आज सकाळी गाडी वारज्यात रंगकाम करणाऱ्या कारागिराकडे नेली. डाव्या बाजूचे तिन्ही ओरखडे त्याने वाकून पाहिले.

"मुलांनी खिळ्याने ओढले आहेत," मी सांगितलं.

"खिळ्याचा ओरखडा बारीक असतो, मॅडम. हे बोटभर रुंद आहेत." त्याने थिनरचं फडकं फिरवलं. फडक्यावर पिवळा रंग आला. "तुमच्या पार्किंगचा खांब पिवळा आहे का हो?"

आहे.

"घासली असती तर मला आवाज आला असता."

"आवाज झालाच असणार," तो शांतपणे म्हणाला. "रंग जुळवून देतो मी. पण महिन्याभरात परत याल."

बत्तीस वर्षं गाडी चालवते आहे. खांबाला तीनदा घासली आणि एकदाही कळलं नाही. दिसलं नाही की ऐकू आलं नाही, तेही सांगता येत नाही.

गाडी परत आणायचा धीर झाला नाही. मुलगी खराडीहून आली आणि तिने चालवत आणली. मी शेजारी नुसती बसून होते.

मुलांनो, मी तुम्हाला विनाकारण दरडावलं. माफ करा. तुमच्याबद्दल बोर्डावर लावलेली नोटीसही काढून टाकली आहे.

आपल्यापैकी कुणी गाडी चालवणं सोडलं असेल, तर नंतरचे दिवस कसे काढलेत ते सांगा. मला सुचत नाही.

मुलीकडे आज दिलं: दोन्ही किल्ल्या आणि गाडीची कागदपत्रं. लायसन्स तिने मागितलं नव्हतं. तेही दिलं.